सिस्टर कुणावर गेली

सिस्टर माणसाशी बोलायची ती आधी त्याच्या नाकाशी. तिची नजर पहिल्यांदा नाकावर बसायची, तिथून कानाच्या पाळीवर, तिथून हनुवटीवर, आणि एवढा दौरा आटोपला की मग ती म्हणायची, "हं, बोला जी." तोवर तिला तुमचे आजोबा-पणजोबा कळून चुकलेले असायचे. नागभीडच्या सरकारी दवाखान्यात बाळंतपणाच्या टेबलाजवळ उभी राहून तिनं अर्धा तालुका या जगात ओढून काढला होता. अर्धा हे मी म्हणतो, ती पाऊण म्हणायची. बाळ पहिलं रडण्याआधी बाहेर बसलेल्या नातेवाइकांना निकाल मिळालेला असायचा: "नाक आजीवर गेलं, कान मामावर. आवाज कोनाचा ते तुमी ठरवा."

या विद्येपायी माझ्या छापखान्यात एक लग्न मोडलं आहे. मुलाचा काका आणि मुलीचा बाप पत्रिकेचं प्रूफ बघायला आले होते. सिस्टर कोपऱ्यात बसली होती. तिनं दोघांची नाकं बघितली आणि शांतपणे म्हणाली, "तुमी दोघं एका आज्याचे नातू होय का जी?" दोघं हसले. आठ दिवसांनी कुठल्याशा म्हाताऱ्यानं जुनी भानगड उकरून काढली, आणि दोघं खरोखरच एका आज्याचे नातू निघाले. छापून झालेल्या त्या पत्रिकांच्या कोऱ्या बाजूवर माझी नातवंडं अजून हत्ती काढतात.

आता माझ्याबद्दल दोन शब्द सांगतो. दोनच सांगणार होतो, पण जास्त होतील. माझा छापखाना वडलांच्या काळचा. वडील शिशाच्या अक्षरांचे खिळे जुळवायचे, आणि छपाईची अक्षरं उलटी असतात हे तुम्हाला ठाऊक असेलच. आरशात दिसावी तशी. मी ती अक्षरं बघत रांगलो, त्यामुळे उलटं वाचायला आधी शिकलो आणि सुलट नंतर. शाळेत गुरुजींनी फळ्यावर लिहिलेलं मला लागायचं नाही, म्हणून मी फळ्याकडे पाठ करून खिडकीच्या काचेत बघून वाचायचो. गुरुजींना वाटायचं पोरगं बाहेर बघतं. ही गोष्ट मी गेली पन्नास वर्षं सांगतो आहे आणि आता ती खरी झाली आहे. माझी बायको सुमन म्हणते, "यांनी आयुष्यात सगळंच उलटं वाचलं, मले पाहाले आले तेव्हाच्या माझ्या चेहऱ्यासकट."

तर सिस्टर माझ्याकडे पहिल्यांदा आली ती दवाखान्याचं पत्रक छापायला. 'जुलाब झालेल्या बाळाला मीठ-साखरेचं पाणी पाजा' असा मजकूर होता आणि वर चित्र हवं होतं. फ्लेक्सवाले अजून गावात यायचे होते. चित्र हवं असलं की आम्ही लिनोलियमचा तुकडा सागाच्या फळीवर चिकटवायचो आणि कोरणीनं कोरायचो. शंकरपटाच्या शर्यतीचे बैल, नाटकाची हिरॉईन, उमेदवाराची मिशी, सगळं माझ्याच हातचं. मी झोकात एक आई, एक बाळ आणि एक पेला कोरला. सिस्टरनं छाप बघितली.

"हा हात कोनाचा होय?"

"आईचा."

"आईले सहा बोटं काऊन?"

मी मोजली. सहा होती. मी म्हणालो, "असतात तालुक्यात एखादीला."

"आहे एकीले," सिस्टर म्हणाली. "पन तिले पोर नाई." आणि तिनं माझ्या हातातून कोरणी घेऊन ते सहावं बोट असं अलगद उडवलं की त्या आईलासुद्धा कळलं नसेल. मग पेला थोडा सरळ केला. मग बाळाच्या पायाची बोटं कोरली. नव्या बाळाचं पाऊल शाईत टेकवून कागदावर छापायचं काम ती वर्षानुवर्षं करत आली होती, तिला पावलं पाठ होती. त्या दिवसापासून ड्यूटी संपली की दुपारी दोनला सिस्टर छापखान्यात यायची, आणि माझी कोरणी मला परत मिळाली नाही.

तिचं कोरणं बघण्यासारखं होतं. लिनो थंडीत कडक होतो, कोरणी घसरते. उन्हाळ्याची आम्हाला काळजी नव्हती. नागभीडच्या मे महिन्यात लिनोच काय, रेल्वेचे रूळसुद्धा कोरता येतील. पण डिसेंबरात सिस्टर लिनोचा तुकडा पाटावर ठेवायची आणि त्याच्यावर बसायची, कोंबडी अंड्यावर बसते तशी. कुणी विचारलं की म्हणायची, "थांबा जी, गरम होऊन राह्यलं." बारीक रेघांसाठी तिनं मोडक्या छत्रीची काडी घासून स्वतःची कोरणी केली होती. दुसरा हात कायम पात्याच्या मागे. "सुईच्या पुढं बोट ठेवाचं नाई," हा तिचा नियम इंजेक्शनचा होता, तोच इथं लागू. माझ्या डाव्या हातावर आजही चार व्रण आहेत आणि चारही वेळा तिनंच मलमपट्टी केली, नाकाकडे बघत.

एकदा मी फुशारकीनं तिला सांगितलं की लिनोलियम म्हणजे दुसरं तिसरं काही नाही, जवसाचं तेल आटवून त्यात लाकडाचा भुसा कालवायचा आणि तागाच्या कापडावर थापायचं. आणि आपली शाई म्हणजे काजळी आणि पुन्हा जवसाचंच तेल. सुमन आतून जवसाची चटणी आणि भाकर घेऊन येत होती. आमच्याकडे धान निघालं की बांधीत जवस पेरतातच. सिस्टरनं चटणीकडे बघितलं, लिनोकडे बघितलं.

"म्हंजे मी जेवते तेच कोरते, आन् त्यानंच छापते."

"एकदम."

"मंग हे माह्याच गावचं होय," ती म्हणाली. तेव्हा मला हे वाक्य साधं वाटलं. सिस्टरला गाव नव्हतं, हे मला पुढे कळलं.

ते कळलं चित्रांवरून. तिचे ठसे वाढत गेले. मोहफुलं वेचणाऱ्या बायका, दवाखान्याच्या ओट्यावर पोट धरून बसलेल्या बायका, वजनकाट्यावर भीत भीत चढणारी बाई. लुगड्याचा काठ, पाटल्या, टाचेच्या भेगा, सगळं जिथल्या तिथं. पण चेहरा कुणालाच नाही. चेहऱ्याच्या जागी लिनो तसाच ठेवलेला, छापल्यावर काळा कुळकुळीत गोळा. गिऱ्हाइकं विचारायची आणि मी सांगायचो, "मॉडर्न आहे." मॉडर्न म्हटलं की आमच्याकडे माणूस दोन पावलं मागे सरतो. पण शेवटी मीच न राहवून विचारलं.

"सिस्टर, अख्ख्या तालुक्याची नाकं तुम्हाला पाठ. मग या बायांना एखादं द्या की."

तिनं कोरणी पुसली. "कोनाचं देऊ? उसनं नाक कोनालेच शोभत नाई जी भाऊ."

मग तिनं सांगितलं. पाच-सहा वर्षांची असेल. गाव जंगलातलं, इतकंच आठवत होतं. आईला ताप होता, पोरीलाही होता. आई तिला कडेवर घेऊन चालत सडकेपर्यंत आली. बांबू भरलेला एक ट्रक थांबला. ड्रायव्हरनं दोघींना चांद्याच्या, म्हणजे आताच्या चंद्रपूरच्या, दवाखान्यात उतरवलं आणि तो आपल्या रस्त्यानं गेला. दोन दिवसांनी आई उठली नाही. पोरगी बोलत होती ती भाषा तिथं कुणाला कळेना, आणि तिला गावाचं नाव सांगता येईना. लहान पोराचं गाव म्हणजे 'घर' एवढंच असतं. तिला एका वसतिगृहात ठेवलं. ती गप्प असायची म्हणून तिचं नाव शांता ठेवलं. दाखल झाली ती तारीख तिची जन्मतारीख झाली. गोंडी भाषा हळूहळू विरून गेली. पुढे नर्स झाल्यावर उत्तरेकडे कोरची भागात नोकरीला होती तेव्हा ती थोडी परत शिकली, पण कामापुरती. 'कुठं दुखतं', 'किती दिवस झाले', 'जोर लाव' हे तिला फर्डं यायचं. 'मी कोणाची' हे विचारायचे शब्द कुणी शिकवले नव्हते.

"आई शोधून काय करता आता," मी म्हणालो. माझ्या तोंडाला असंच वेळेवर कुलूप नसतं.

"आई नाई शोधाची. आई गेली, हे मले मालूम आहे." तिनं स्वतःच्या नाकाला हात लावला. रुंद नाक, आणि डाव्या नाकपुडीवर एक बारीक दुमड, कागद मोडून परत सरळ केल्यासारखी. "रोज मी लोकाईच्या पोराईले सांगते, हे आज्यावर गेलं, हे मावशीवर गेलं. मले कोनी सांगतलं नाई. एक डाव असं नाक दुसऱ्या कोनाच्या तोंडावर पाह्यचं आहे. बस. मंग मी चेहरा कोरते."

तिच्याजवळ खूण एकच होती. डाव्या हातावर मनगटापासून वर गोंदण होतं: पाच टिंबं, खाली फणीसारखी रेघ, आणि तिच्याखाली अंगठ्याकडे नांगी वळवलेला विंचू. आईनं गोंदवून घेतलेलं असणार. कोरची भागात तिनं नाडी बघायच्या निमित्तानं किती बायकांचे हात पालथे-उताणे केले देव जाणे. असा विंचू कुठंच मिळाला नाही.

तेव्हा युक्ती मीच काढली. हे मी ठासून सांगतो, कारण पुढचं सांगताना मला मान खाली घालावी लागणार आहे. दक्षिणेकडच्या, मुलचेरा-एटापल्लीकडच्या दुकानदारांची कॅलेंडरं दरवर्षी माझ्याकडे छापली जायची. मी म्हणालो, "सिस्टर, तुमचा हात कोरून द्या. यंदाच्या कॅलेंडरवर देवाऐवजी तो छापतो. जंगलातल्या प्रत्येक दुकानाच्या भिंतीवर तुमचा हात वर्षभर टांगलेला राहील. कुणी तरी ओळखेलच."

तिनं तो हात दोन महिने कोरला. आधी पातळ कागदावर काढला, कागद पालथा करून लिनोवर उतरवला, म्हणजे छापल्यावर डावा हात डावाच येईल. पंजा, बोटांची पेरं, नसा, आणि गोंदणाचं एकेक टिंब. तेवढ्या दिवसांत ती एकदाच बोलली: "काढलं ते काढलं. परत चिटकवता येत नाई. मले भेव वाटून राह्यला." आणि विंचवाची नांगी कोरताना तिनं श्वास धरला होता. मीही धरला. सुमन म्हणाली, "कोनी तरी श्वास घ्या, नाईतर दोघाईले दवाखान्यात न्या लागन."

ठसा सुरेख झाला. पण एवढी कॅलेंडरं जुन्या ट्रेडल मशीनवर पायानं मारत बसलो असतो तर पुढचं वर्ष उजाडलं असतं. म्हणून मी ठशाची एक छाप घेऊन चंद्रपूरहून तिची फिल्म करून आणली आणि माझ्या छोट्या ऑफसेटवर घातली. फिल्म काचेसारखी आरपार असते. सुलटी ठेवली तर चित्र सुलटं, पालथी ठेवली तर उलटं. तारखांची फिल्म मी बरोबर ठेवली. अक्षरं आहेत ना, अक्षरं मला दिसतात. चित्राची पालथी ठेवली.

सिस्टर त्या आठवड्यात ट्रेनिंगला गेली होती. गठ्ठे एसटीच्या टपावर चढून रवाना झाले. चौथ्या दिवशी दुकानात उरलेलं एक कॅलेंडर सुमननं भिंतीला लावलं आणि तिथंच थबकली. "अवो, सिस्टरचं गोंदण डाव्या हातावर आहे ना? हा तर उजवा दिसून राह्यला."

तालुक्यातला एकमेव माणूस, जो उलटं सुलट वाचतो, तो त्या दिवशी खुर्चीत बसून राहिला. आणि मग त्यानं जे केलं ते सांगायला मला आज इतकी वर्षं लागली आहेत. मी फिल्म बरोबर लावून दोन डझन कॅलेंडरं गुपचूप छापली. सिस्टर परतली तेव्हा तिच्या हातात ती ठेवली. तिनं एकेक पान बघितलं, स्वतःचा हात शेजारी धरून बघितला, आणि माझ्या खांद्यावर हात ठेवला. इतका जड हात माझ्या खांद्यावर परत पडला नाही.

सिस्टर रोज दुपारी आल्यावर विचारायची, "कोनाचा फोन आला का जी भाऊ?" कॅलेंडरवर माझाच नंबर होता. मार्चमध्ये विचारायची, मेमध्ये विचारायची, पोळ्याला विचारलं. दिवाळीपासून विचारणं बंद झालं. ती यायची, लिनो घ्यायची आणि कोरायची, पण आता नुसत्या बायकांच्या पाठी. पाठमोऱ्या, लांब जाणाऱ्या. चेहऱ्याची जागाच नको.

शेवटी सुमननं मला जेवू घालायचं थांबवलं. म्हणजे ताट वाढायची, पण समोर बसून बघत राहायची. त्याला मी जेवण म्हणत नाही. दुसऱ्या दिवशी दोन वाजता मी सिस्टरपुढे ते उजव्या हाताचं कॅलेंडर ठेवलं आणि सगळं सांगितलं. मधे मधे थोडा दोष चंद्रपूरच्या फिल्मवाल्यावर टाकला, मग सुमननं खाकरल्यावर तो परत घेतला.

सिस्टरनं कॅलेंडर उचललं. त्या परक्या हाताशेजारी तिनं आपला डावा हात टेकवला. दिवाळीपासून पहिल्यांदाच मला ती कोरणीशिवाय बसलेली दिसली.

"वर्षभर मले वाटलं," ती हळू म्हणाली, "का लोकाईनं पाह्यलं, आन् कोनालेच मी नको होती."

मी कोरणी पुसून तिच्यापुढे ठेवली. ती तिनं बाजूला सारली. मग तिनंच सुस्कारा टाकला. "पायाळू निघालं तुमचं कॅलेंडर. उलटं आलेलं बाळ टाकून देता येत नाई, फिरवून काढा लागते. गाडीत पेट्रोल आहे का?"

रविवारी आम्ही माझ्या मोटरसायकलवर निघालो. मागे सिस्टर, मांडीवर बरोबर छापलेल्या कॅलेंडरांची गुंडाळी. वाटेत वाघ भेटला. एक भेटला, पूर्वी मी तीन सांगायचो. मुक्काम करत दुकानामागून दुकान पालथं घातलं. जुनं काढा, नवं लावा. दुकानदार म्हणायचे, वर्ष संपत आलं, आता कशाला. सिस्टर म्हणायची, "राह्यलेले दिवस तरी बरोबर जाऊ द्या."

तिसऱ्या दिवशी मुलचेऱ्याच्या पलीकडे एका आठवडी बाजाराच्या गावी पोचलो. दुकानदार बंगाली होता, तिकडे त्यांची गावंच्या गावं वसली आहेत. त्यानं माझं ऐकून घेतलं आणि कपाळाला हात लावला.

"दादा, आप हो क्या वो? एक साल झाला, हर बाजाराला एक बुढी आजी येते, मीठ घेते, और ये हात बघून मला शिव्या देते. बोलते, चूक आहे, चूक आहे. मी बोललो, आजी, मी नाही छापला. बसा. आज बाजार आहे. येणार ती."

ती आली. वाकलेली, कपाळभर गोंदण, हातात मिठासाठी पिशवी. दुकानात पाय ठेवायच्या आत तिनं भिंतीकडे बोट करून सुरुवात केली. ती गोंडीत बोलत होती, दुकानदार आम्हाला सांगत होता. उजव्या हातावर कोण गोंदतं? कुठल्या शहाण्यानं हे केलं? गोंदल्यावर चार दिवस हात सुजतो. उजवा सुजला तर धान कोण कांडणार, पाणी कोण भरणार? आमच्या गावांत डावाच हात गोंदतात. आणि हा विंचू माझ्या थोरल्या बहिणीचा आहे. अंगठ्याकडे नांगी वळवून फक्त तीच टोचायची. माझी बहीण उजवा हात कधी धरत नव्हती. मेल्यावर तिची बदनामी कशाला?

सिस्टरनं डाव्या हाताची बाही वर केली.

म्हातारी थांबली. तिनं तो हात दोन्ही हातांत घेतला, डोळ्यांजवळ नेला, मग लांब धरला. मग ती एकदम खालच्या आवाजात बोलू लागली. दुकानदारही हळू बोलू लागला. बहिणीनं हा विंचू तीन गावांत टोचला. त्यातल्या एका गावची एक बाई पोरीला घेऊन बांबूच्या ट्रकात बसून गेली होती. दोघी परत आल्या नाहीत.

मी तेव्हा दुकानदाराला म्हातारीला विचारायला लावलं, की चित्र बरोबर असतं तर? ती म्हणाली, बरोबर असतं तर मी कशाला बघितलं असतं. असे हात घरोघरी आहेत. तेव्हापासून मी सगळ्यांना सांगतो की फिल्म मी मुद्दाम पालथी ठेवली होती. सुमन समोर नसेल तर लोक मानतातसुद्धा.

दुकानदारानं दुकान बायकोवर सोपवलं आणि आपल्या मालाच्या टेम्पोत आम्हाला घातलं, म्हातारीला पुढे, आम्हाला मिठाच्या पोत्यांवर. नदी ओलांडून गाव आलं. वीसेक घरं. एका अंगणात एक बाई सुपात तांदूळ निवडत बसली होती, सिस्टरपेक्षा दहा-बारा वर्षांनी मोठी असेल. म्हातारीनं हाक मारली. तिनं मान वर केली.

मला गोंडीचं अक्षर येत नाही. नाकाचं शास्त्र तर मुळीच येत नाही. मला स्वतःच्या तीन पोरांत कोण कुणावर गेलं ते अजून कळलेलं नाही. पण ते रुंद नाक आणि डाव्या नाकपुडीवरची ती दुमड मी रोज दुपारी दोनला बघत आलो होतो. सिस्टर माझ्या शेजारी उभी होती आणि तिचे डोळे त्या नाकावर बसले ते हलेनात. कानाच्या पाळीकडे गेलेच नाहीत. जे वाक्य तिनं अर्ध्या तालुक्याला ऐकवलं होतं, ते तिला ऐकवणारं तिथं माझ्याशिवाय कुणी नव्हतं. मी म्हणालो, "सिस्टर, तुम्ही मावशीवर गेल्या हो."

मावशी आहे हे मला कसं कळलं ते विचारू नका. नशिबानं ती मावशीच निघाली, आईची धाकटी बहीण.

ती उठून आली. रडली नाही. तिनं सिस्टरचा डावा हात धरला, स्वतःचा अंगठा जिभेला लावून ओला केला आणि विंचवावर जोरात घासला. शाई आहे का, निघते का, ते बघितलं. निघाली नाही. मग ती म्हणाली, "जुरी." शांता होण्याआधीचं नाव ते. आणि मग काही तरी विचारलं. दुकानदार सांगायच्या आधी सिस्टर मान हलवून म्हणाली, "जेवली का, विचारून राह्यली." हा शब्द तिला कुठल्याच दवाखान्यात कुणी शिकवला नव्हता.

जेवणं झाल्यावर मावशीनं आम्हाला गावाबाहेर नेलं. तिकडे मेलेल्या माणसाच्या नावानं दगड उभा करतात. एक मोठा दगड होता, आणि त्याला टेकून एक वीतभर. दोघी मेल्या असं सडकेवरच्या कुणी तरी सांगितलं होतं, म्हणून गावानं दोघींचे दगड लावले होते. सिस्टर आधी मोठ्या दगडापुढे बसली. मग तिनं लहान दगडावर, स्वतःच्या दगडावर, तळहात ठेवला आणि तशीच राहिली. सावल्या लांबल्या. दुकानदार टेम्पोकडे बघू लागला. मी म्हणालो, "सिस्टर, निघू या का?"

ती मागे न बघता म्हणाली, "थांबा जी भाऊ. गरम होऊन राह्यलं."

रिटायर झाली तेव्हा तिनं कुणाला विचारलं नाही, कुठं राहू. शेवटच्या महिन्यात ती छापखान्यात आली, सुमनचा आरसा ट्रेडलला टेकवून ठेवला आणि स्वतःचा चेहरा कोरायला बसली. पातळ कागद नाही, पालथं करणं नाही. आरशात दिसलं तसंच लिनोवर. मी म्हणालो, "छापल्यावर उलटं होईल."

"होऊ द्या. आरशात आहे ती मले दिसते तशी. छापलं का तुमाले दिसते तशी होईन."

तसंच झालं. पहिली छाप निघाली आणि सुमन म्हणाली, "अगं बाई, ही तर आपली सिस्टर." दुमड डाव्या नाकपुडीवर, जिथल्या तिथं. सिस्टरनं छापा गुंडाळल्या, एक मावशीसाठी, बाकी गावासाठी. ठसा मात्र माझ्याकडे सरकवला.

"हा नेत नाही?"

"इथीच राहू द्या. तिथी मले आरसा कायले पाह्यजे? मावशी आहे ना."

ती मावशीच्या गावी राहायला गेली त्याला आता तिसरं वर्ष. निरोप येतात. गावातल्या बायकांची नाकं मोजून झाली म्हणे, आता शेजारचं गाव घेतलं आहे. ठसा ट्रेडलच्या वर खिळ्याला टांगला आहे. त्याला मी शाई लावत नाही. लोक विचारतात, मी वाट्टेल ते सांगतो. पण खरं सांगू? उलटं वाचण्यात माझं आयुष्य गेलं, तरी हा ठसा मला अजून पुरता वाचता आलेला नाही. त्याच्यात भांग दुसऱ्या अंगाला आहे, दुमड उजव्या नाकपुडीवर आहे. आम्ही कुणीच न बघितलेली, तिची तिलाच ठाऊक असलेली बाई तिथं बसली आहे.

दुपारी दोन वाजले की मी हात पुसतो, चष्मा लावतो आणि ठशापुढे उभा राहतो. आधी नाक बघतो, मग कानाची पाळी, मग हनुवटी. मग म्हणतो, "हं, बोला जी."